शीतलला काय आवडत न्हाई

काल कूलरचं गवत बदललं. जालन्यात उन्हाळा कॅलेंडरात लागत न्हाई, कूलरला लागतो. पप्पा खिडकीतलं ते पत्र्याचं धूड उतरवतेत, मागच्या सालचं काळं पडलेलं गवत उपसतेत, नवं पिवळं गवत जाळीत कोंबतेत, आणि बटन दाबलं की पहिल्या झोतात एक वास येतो. ओल्या लाकडाचा, थोडा गंजाचा, थोडा नव्या वहीचा. त्या वासापुढं मी तोंड करून उभा राह्यलो आणि दोन वर्षं मागं गेलो. आई म्हणली, सरक, सगळ्यांना लागू दे. मी सरकलो, पण मागंच राह्यलो.

त्या उन्हाळ्यात मी बारावीचे पेपर देऊन मोकळा झाल्तो. काम एकच, नकला. आमच्या कॉलनीत मला कुणी घरात बसवून चहा पाजायला धजत न्हाई. मी चहा पितो, माणूस बघून ठेवतो आणि चौकात जाऊन करून दाखवतो. टँकरवाला. मोसंबीचा व्यापारी. बँकेतला तो साहेब, जो सर्व्हर डाऊन हाय असं म्हणतो जसं काय घरात कुणी वारलंय. नकलेला एक चावी लागती. माणूस कुठंतरी घसरतो, ती जागा म्हणजे चावी. आमचे मुख्याध्यापक रागवायच्या आधी नाक वर ओढायचे. तेवढं एक ओढणं धरलं की आख्खे मुख्याध्यापक आपल्या खिशात. दोन दिवसात मला कुणाचीबी चावी सापडायची, असा माझा गर्व होता.

मंग शीतल आली.

आई अंगणवाडीत मदतनीस हाय. दिवसभर दुसऱ्याची लेकरं सांभाळून घरी येती आणि मला बघून म्हणती, हे एक राह्यलंच. तिच्या मनात ते कधीपासून होतं तिलाच माहीत. एक दिवस जेवताना म्हणली, आपल्याला चौथं ताट लावायचंय. पप्पा एमआयडीसीत बियाण्याच्या गोदामात कामाला. दिवसभर मशीनचा आवाज ऐकतेत म्हणून घरी बोलायची हौस न्हाई. त्यांनी विचारलं, पोरगा का पोरगी? आई म्हणली, पोरगी. पप्पा म्हणले, बराबर. आणि भात वाढून घेतला. आमच्या घरातला सगळ्यात मोठा निर्णय असा दोन घासांच्या मधी झाला.

पुढं मात्र दोन घासात काहीच झालं न्हाई. कागद, शिक्के, फोटो, पुन्हा कागद. पोर दत्तक देणाऱ्या समितीच्या एक मॅडम घर बघायला आल्या. त्यांनी संडास बघितला, पाण्याची टाकी बघितली, माझं तोंड बघितलं आणि तिन्हीपुढं वहीत काहीतरी लिहिलं. प्रश्न विचारायच्या आधी त्या चष्मा काढायच्या, दोन्ही काचांवर एकेक फुंकर मारायच्या आणि मंग विचारायच्या. चावी मला तिथंच सापडली.

ठरलं ते असं. उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती अनाथाश्रमातली शीतल आमच्याकडं ऱ्हाणार. शाळा उघडायच्या आधी मॅडम पुन्हा येणार, तिला एकटीला घेऊन बसणार आणि विचारणार. तिला ऱ्हायचं असलं तर कागद पुढं सरकणार. नसलं तर ती संस्थेत परत. जाताना मॅडम आईला म्हणल्या, "एक सांगते ताई, पढवलेलं उत्तर मला लगेच ओळखू येतं. तसं आढळलं तर मी पुढं शिफारस करत नाही." आईनं हे वाक्य असं जपून ठेवलं जसं दुसऱ्या बाया बँकेचं लॉकर जपतेत.

बेचाळीसच्या उन्हात घरात शीतल आली, असा विनोद मी आधीच तयार ठेवल्ता. कुणी हसलं न्हाई. तीच हसली, पण फोटोवाल्यानं सांगितल्यावर हसतेत तसं, आणि फोटो निघायला लागतो तेवढाच वेळ. नऊ वर्षांची, सावळी, दोन वेण्या, निळा झालरीचा फ्रॉक. आईनं शेजारच्या पाच-सहा बाया बोलावल्या होत्या. ओवाळलं, पेढे वाटले, पप्पांनी मोबाइलवर फोटो काढले. ओवाळून झाल्याबरुबर शीतल दोन पावलं मागं सरकली, हात जोडले आणि एक स्वागतगीत म्हणलं. दोन कडवी. मंग एकदम साफ आवाजात, पुस्तकातल्यासारखं: "आपण सर्वजण वेळात वेळ काढून आलात, त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत." बायांनी टाळ्या वाजवल्या. किती हुशार हाय म्हणल्या. आईची मान ताठ झाली. मी बी टाळ्या वाजवल्या. आम्हाला कुणालाच काही कळलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी ती तोच निळा फ्रॉक घालून होती. रात्री त्याच्यातच झोपली होती. तिसऱ्या दिवशी बी तोच. आईनं धुवायला मागितला तर म्हणली, "नंतर देते." आणि दुपारी आई पोळ्या लाटून राह्यली होती, तेव्हा तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "काकू, कार्यक्रम किती वाजता संपणार आहे?"

आईचं लाटणं थांबलं. संस्थेत कुणाचा वाढदिवस असला, कुणाची पुण्यतिथी असली की घरचे लोक जेवण घेऊन येतेत, हे आम्हाला माहीत होतं. आईनं स्वतः एकदा केळी नेऊन दिल्ती. त्या दिवशी लेकरं चांगले कपडे घालतेत, ओळीत उभी ऱ्हातेत, गाणं म्हणतेत, आभार मानतेत, जेवतेत. मंग पाहुणे जातेत आणि चांगले कपडे घडी घालून परत ठेवायचे असतेत. आम्ही ओवाळून, पेढे वाटून, फोटो काढून तिचा पक्का गैरसमज करून दिल्ता. तीन दिवस ती पोरगी कार्यक्रमात होती. आम्ही जेवायला घालणारे पाहुणे होतो, फक्त जायचं नाव घेत नव्हतो.

आई म्हणली, कार्यक्रम न्हाई बाई हा. आणि मळून झालेली कणिक तिनं पुन्हा मळायला घेतली.

तेव्हापासून मला नाद लागला. नकल्याला आवाज ऐकून कळतं, हा माणसाचा घरचा आवाज हाय का पाहुण्यापुढचा. शीतलचा आवाज पाहुण्यापुढचा होता. सगळा, सकाळी उठल्यापासून. तिच्यात कुठंच घसरायची जागा न्हाई. मी तिची नक्कल करायला बसलो तर हाताला काहीच लागंना, कारण ती स्वतःच एका शहाण्या मुलीची नक्कल करून राह्यली होती आणि माझ्यापेक्षा चांगली करून राह्यली होती. मंग मला जाणून घ्यायचं होतं की तिच्या आत कोण हाय. आणि त्याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे तिला काय आवडत न्हाई ते शोधणं.

सोपी वाट कसली. कारलं आवडतं का? "आवडतं." शेपू? "आवडतो." दुपारचं ऊन? "छान आहे." जगात सगळं आवडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघून राह्यलो होतो. मी तिला बिनसाखरेचा चहा दिला. प्याली. "छान आहे." दुसऱ्या दिवशी चहात चिमूटभर मीठ टाकलं. तिनं एक घोट घेतला, डोळे जरा बारीक झाले, मी पुढं वाकलो. "छान आहे," ती म्हणली आणि कप रिकामा केला. आईनं मला उलथण्यानं हाणलं. मार लागला न्हाई, पण तो रिकामा कप धुताना मला जरा लाजल्यासारखं झालं. खारट चहा छान म्हणायला किती सराव लागत असंल, हे माझ्या डोक्यात आधी आलं नव्हतं.

बरं, मीच एकटा चौकशा करत नव्हतो. तिला बी आमच्याबद्दल तितकंच कोडं होतं. इथं घंटा का न्हाई? मंग जेवायचं कधी हे कसं कळतं? मी म्हणलं, भूक लागल्यावर. तिनं विचार केला. "चौघांना एकदम लागते का?" कोण कुठं झोपायचं हे कुठं लिहिलंय? दिवा कुणीबी बंद करू शकतं का? पप्पा काही बोलत न्हाईत म्हणजे त्यांना शिक्षा हाय का? हे ऐकून पप्पा हसले. मला त्यांचं हसणं दिवाळीला एकदा ऐकायची सवय.

आठव्या-नवव्या दिवशी नळाला पाणी सुटायचं तेव्हा कॉलनीत युद्ध असायचं. घागरी, बादल्या, ड्रम, पातेली. आणि आमच्या अंगणात शीतल बादली घेऊन ओळीत उभी. ओळीत ती एकटीच. तिच्या पुढं कुणी न्हाई, मागं कुणी न्हाई, पण ओळ बिलकुल सरळ. एकदा आई अंगणवाडीत गेल्ती तर मी तिला म्हणलं चहा टाकतीस का. संस्थेत ती स्वयंपाकाच्या मावशीला मदत करायची, अंदाज सगळा साठ लेकरांचा. तिनं सगळ्यात मोठं पातेलं काढलं. घरातलं दूध संपवलं, साखर संपवली, आद्रकाचा आख्खा गड्डा ठेचून टाकला. तो चहा आम्ही दुपारी प्यालो, चार वाजता प्यालो, शेजारी वाटला, समोर घराचं काम चालू होतं त्या मिस्त्र्याला दिला, टँकरवाल्याला थांबवून पाजला. त्यानं दोन कप घेतले. चहा फक्कड होता. ती दारात उभी राहून कोण किती पितंय ते बघत होती, आणि उरलाय म्हणून कुणी रागावणार का, ह्याची वाट बी. कुणी रागावलं न्हाई. ते तिला जरा विचित्रच वाटलं असावं.

आमचं घराणं मेंढरामागचं. आज्ज्यापर्यंत मेंढरं, पप्पापासून एमआयडीसी. पण पप्पांचा धाकटा भाऊ, तुकाकाका, अजून कळपामागं हाय. उन्हाळ्यात त्याचा कळप रिकाम्या रानात खतासाठी बसवलेला असतो, आज ह्याच्या शेतात, परवा त्याच्या. मे महिन्याच्या शेवटाला तो अंबडच्या अलीकडं होता. एका रविवारी संध्याकाळी पप्पा मला आणि शीतलला गाडीवर घेऊन गेले.

तिथं तुकाकाकाचं एक काम चालू होतं. एका मेंढीचं कोकरू मेलेलं, आणि दुसऱ्या एका कोकराची माय मेलेली. काका त्या पोरक्या कोकराला ह्या मेंढीखाली लावायच्या खटाटोपात होता. मेंढीचा एक पाय खुंट्याला बांधलेला. काकानं कोकराच्या अंगाला मिठाचं पाणी चोळलं, कारण मिठासाठी मेंढी चाटती, आणि चाटता चाटता वास ओळखीचा होतो. मेंढी चाटायला लागली. शीतल गुडघ्यावर बसून इतक्या जवळून बघत होती की तिची वेणी मातीत लोळत होती. कोकरू मात्र नुसतंच उभं. मान खाली, चार पाय जुळवून, एकदम शिस्तीत.

शीतलनं विचारलं, मेंढीला ते आवडलं नाही का?

"मेंढीचं काय न्हाई गं," काका म्हणला. "ती घेईल चाटून. अडलंय ते ह्याच्यापाशी. कासंला डोक्यानं ढुशी द्यावी लागती, तवा दूध उतरतंय. हे बघ कसं शहाण्यावानी उभंय. शहाणं कोकरू उपाशी मरतंय."

"ढुशी दिल्यावर मेंढीला लागत नाही का?"

"लागतंय की. लागल्याबिगर तिला कसं कळावं, हे कुणाचं हाय ते?"

काकानं कोकराचं तोंड धरून कासंला लावलं. ते पुन्हा मागं सरकलं. पुन्हा लावलं. पप्पा म्हणले, चला, अंधार पडंल. शीतल उठंना. आमच्याकडं आल्यापासून तिनं पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलं न्हाई. शेवटी त्या कोकरानं एक हलकीशी धडक दिली, दिली म्हणायची इतकीच, आणि मेंढी पाय आपटून उभी राह्यली.

जून लागला तशी आई बदलली. तिला जेवण जाईना. ती शीतलशी बोलायला भ्यायला लागली. तुला इथं बरं वाटतं का, एवढं साधं विचारायचं तरी ते पढवल्यासारखं होईल का, म्हणून विचारायची न्हाई. भाजी कशी झाली हे बी विचारायचं बंद केलं. रात्री पप्पांना म्हणायची, ती हो म्हणली तरी मॅडमला खरं वाटायचं न्हाई, ती सगळ्यालाच हो म्हणती. पप्पा म्हणायचे, गप ऱ्हा. पण ते स्वतःच जागे ऱ्हायचे. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आईला काय हवंय. आणि ते घरातल्या कुणाच्याच हातात न्हाई.

अशा टायमाला मी काय करावं? मी मॅडमची नक्कल केली.

दुपारची वेळ, आई झोपली असंल असं वाटलं. पप्पांचा चष्मा घातला, रद्दीची फाइल बगलेत धरली, दार वाजवून आत आलो, खुर्चीत बसलो, चष्मा काढला, दोन्ही काचांवर एकेक फुंकर. शीतल हसली. ते फोटोवालं हसणं नव्हतं. तोंडावर हात दाबून, खांदे हलवून, उचकी लागल्यासारखी हसली. मला इतकं भारी वाटलं की मी पुढंच गेलो. मॅडमच्या आवाजात विचारलं, बाळ, तुला इथं कसं वाटतं?

हसू पुसून टाकल्यासारखं गेलं. तिनं हात जोडले न्हाईत एवढंच. "मला इथे खूप आवडते. सगळे माझ्याशी प्रेमाने वागतात."

दारात आई उभी होती. तिनं आवाज चढवला न्हाई, तेच वाईट. म्हणली, "पढवलंस न रे तिला. दोन महिने मी तोंड शिवून बसले, आणि तू पढवलंस." मंग दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. मी नक्कल कुणाचीच केली न्हाई. चौकातल्या पोरांनी विचारलं, घसा बसला का. मी म्हणलं, हो.

मॅडम आल्या सोमवारी. आईनं चहा केला तो बी बेताचा, जास्त चांगला केला तर मॅडमला काय वाटंल म्हणून. मॅडमनी आम्हा तिघांना सैपाकघरात पाठवलं आणि दार लावून घेतलं. आता, आमच्या सैपाकघराची भिंत वर पत्र्याला टेकत न्हाई, हातभर फट हाय. मॅडमला ते माहीत नसावं. आम्हाला होतं. वाऱ्यानं त्यांचे कागद उडायला लागले म्हणून त्यांनी कूलर बंद केला, आणि मंग सगळंच ऐकू यायला लागलं. आई गॅसजवळ, पप्पा माठाजवळ, मी मधी. कुणी कुणाकडं बघंना.

आधी नाव, इयत्ता, तब्येत. मंग थोडं थांबणं. म्हणजे चष्मा निघाला असणार. आणि पलीकडून शीतलच्या हसण्याची ती उचकी ऐकू आली.

मॅडमनी विचारलं, काय झालं हसायला? शीतल म्हणली, दादा तुमची नक्कल करतो, अशीच फुंकर मारतो. मी माठाच्या मागं जाता येईल का ते बघितलं. मॅडमनी विचारलं, अजून काय करतो तो, प्रश्न पण विचारतो का? शीतल म्हणली, हो, कसं वाटतं विचारलं. मंग तू काय सांगितलं? "मी सांगितलं, मला इथे खूप आवडते. सगळे माझ्याशी प्रेमाने वागतात."

तोच आवाज. आईनं ओट्याची कड धरली.

पलीकडं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मॅडमनी विचारलं, "आणि काय आवडत नाही?"

दोन महिने मी ह्या प्रश्नाच्या मागं होतो. मीठ घालून बघितलं, कारलं घालून बघितलं. आता मला उत्तर नको होतं. काही न्हाई असं म्हणली तर पढवलेलं ठरणार, आणि ती काही न्हाईच म्हणणार.

मंग आवाज आला, आणि मी आधी ओळखलाच न्हाई. जाडा, जरा नाकातला, घाईचा.

"काकू वेणी लई घट्ट घालती. इथं कानापशी दुखतं, रात्रीपर्यंत दुखतं. मी काहीच म्हणत न्हाई म्हणून रोज घालती."

"मग सांगितलं का नाही तिला?"

"आज सांगणार होते. तर तुम्ही आल्या."

"मग तिकडं परत यायचं का? तिकडं मावशी सैल घालायच्या ना?"

"त्या घालतच न्हाईत. आपली आपण घालायची." मंग जरा वैतागून, मोठ्या माणसाला समजावल्यासारखं: "मी जायचं म्हणले का? मी वेणीचं म्हणले."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांनी आमच्या तिघांची तोंडं बघितली, मंग वर भिंतीची फट बघितली. कागदावर आईची सही घेतली, पप्पांची घेतली, आणि निघताना माझ्याकडं बघून चष्मा न काढता म्हणल्या की शाळेचा दाखला ह्याच आठवड्यात लागंल. त्यांची स्कूटी कोपऱ्यावर वळंपर्यंत पप्पा दारात उभे होते. मंग आत येऊन म्हणले, बराबर.

शीतल अजून आईला काकूच म्हणती. आम्हाला बी ते बदलावं असं कधी वाटलं न्हाई. त्या दिवशी संध्याकाळी आईनं तिला पुढ्यात बसवलं, दोन्ही वेण्या सोडल्या आणि कानापशी बोटं फिरवत बसली. खरंच तिथं लाल झालं होतं. आई एवढंच म्हणली, बोलायचं न गं. मंग नवी वेणी घातली, इतकी सैल की हात लागतोय का न्हाई. शीतल खेळायला गेली. पाचच मिनिटात परत आली. एक वेणी सुटून पाठीवर पसरलेली, रिबन हातात, कपाळाला आठी.

"काकू, ही काय वेणी हाय का? पार सैल झाली."

आई म्हणली, "बस इथं." आणि तिसऱ्यांदा फणी हातात घेतली.